एकच कापड, डोक्याला आणि गळ्यालाही : स्वस्तातली बफ-नळी घेताना काय बघावं?

पाऊलवाट

नमस्कार मंडळी. वर्षभरापासून सुट्टीच्या दिवशी डोंगर चढते आणि अधूनमधून सायकलही चालवते. सामान कमी ठेवायचं ठरवलं, पण डोक्यासाठीच्या वस्तूंचा पसारा काही आवरत नाही. उन्हासाठी टोपी, घामासाठी पट्टी, धुळीसाठी रुमाल, पहाटेच्या गारव्याला कानटोपी, वारा सुटला की गळ्याला मफलर. पाठपिशवीचा एक कप्पा यातच भरतो आणि हवी ती वस्तू नेमकी तळाशी सापडते.

सोबतची एक मैत्रीण दोन्ही बाजूंनी उघडी अशी कापडी नळी वापरते. तिला सगळे बफ म्हणतात. सकाळी ती गळ्यात असते, चढावर कपाळावर येते, वर वारा लागला की कानांवर. मला ती फार आवडली, पण विकत घ्यायला गेले तर गोंधळच उडाला. नावाजलेल्या कंपनीच्या एका नळीच्या पैशांत बिननावाच्या पाच-सहा नळ्यांचा संच मिळतो. फोटोत सगळ्या सारख्याच दिसतात. कुणी पॉलिएस्टर म्हणतं, कुणी मेरिनो लोकर, कुणी बांबू.

एकदा घाईत एक मागवली होती. डोक्यावर चढवली की कपाळावर शिवणीचा वळ उठायचा, आणि दोन महिन्यांत इतकी सैल झाली की कानावर राहीना. पुन्हा पैसे वाया घालवायचे नाहीत. ज्यांनी वापरल्या आहेत त्यांनी सांगाल का, कापड कोणतं, माप काय, आणि महागडी घेण्याची गरज खरंच कुणाला असते?

चाकावर

सात-आठ वर्षं रोज सायकल चालवतोय, त्यामुळे माझं सगळं हेल्मेटच्या आतल्या अनुभवावरून आहे.

हेल्मेटखाली पातळ नळीच चालते, जाड नाही. हेल्मेट कवटीला नीट धरून बसलं तरच त्याचा उपयोग. आत जाड लोकरी टोपी घातली की ते वर उचललं जातं आणि पट्टे सैल पडतात. पातळ नळी घातल्यावरही हेल्मेट घट्ट-सैल करायचं मागचं चक्र आणि हनुवटीचा पट्टा पुन्हा जुळवून घ्यायचा. हे बरेच जण करत नाहीत.

शिवणीबद्दल तुम्ही लिहिलंत ते अगदी खरं. उघड्या डोक्याला न जाणवणारी शिवण हेल्मेटच्या दाबाखाली अर्ध्या तासात टोचायला लागते. म्हणून अखंड विणलेलीच घ्या. घडी उलगडून आत हात घालायचा आणि बोट गोल फिरवायचं. कुठे उभी रेघ लागली तर ती शिवलेली आहे.

मी ती अशी वापरतो : तीन-चार घड्या घालून कपाळावर रुंद पट्टी. घाम डोळ्यांत उतरत नाही. थंडीत एक टोक कपाळापर्यंत, दुसरं मानेवर, चेहरा उघडा. रहदारीत मात्र कान पूर्ण झाकू नका. पातळ कापड असलं तरी दुहेरी घडीमागून मागच्या गाडीचा अंदाज उशिरा येतो. मी कानाचा वरचा भाग झाकतो आणि खालचा मोकळा ठेवतो.

धागेदोरे

मी विणलेल्या कापडाच्या तपासणीचं काम करते, तेव्हा कापडाबद्दल जरा सविस्तर लिहिते.

आधी नावाचं. बफ हे मुळात कापडाच्या प्रकाराचं नाव नाही, एका कंपनीचं आहे. स्पेनमधल्या कॅटलोनियात इग्वालादा नावाचं गाव आहे, तिथली ही कंपनी. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मोटरसायकल चालवणाऱ्या एका वस्त्रव्यावसायिकाने गळ्याला वारा लागू नये म्हणून ही अखंड नळी आणली आणि पुढे कंपनीचं नावच वस्तूला चिकटलं. गोल यंत्रावर कापड नळीच्याच आकारात विणलं जातं, म्हणून तिला शिवण नसते. असं यंत्र आज अनेकांकडे आहे. त्यामुळे बिननावाची नळी वाईटच असेल असं अजिबात नाही. फरक पडतो तो धाग्याच्या दर्जात, विणीच्या घट्टपणात आणि ताणल्यावर कापड परत जागेवर येतं का यात.

आता माप. मोठ्या माणसाची नळी सपाट ठेवल्यावर रुंदीला २४-२५ सेंटिमीटर आणि लांबीला ५० च्या आसपास असते. म्हणजे घेर झाला ४८ ते ५०. तुमच्या डोक्याचा घेर भुवयांच्या वरून, मागच्या सर्वांत फुगीर भागावरून मोजा. समजा ५७ आला, तर नळी साधारण १५ टक्के ताणून बसेल. एवढा ताण ठीक. रुंदी २२ वर आली तर मोठं डोकं दुपारपर्यंत ठणकायला लागेल. लांबी ४० च्या खाली असेल तर गळ्यापासून डोक्यापर्यंत एका वेळी पुरणार नाही. अशी नळी नुसती पट्टी म्हणूनच वापरता येते.

विक्रेता जाडी सांगत नाही, पण वजन बऱ्याचदा दिलेलं असतं. त्यावरून जाडी काढता येते. २५ बाय ५० ची नळी उलगडली तर पाव चौरस मीटर कापड होतं. म्हणून वजनाला चारने गुणा. ३५ ग्रॅमची नळी म्हणजे १४० जीएसएम (चौरस मीटरला इतके ग्रॅम), उन्हाळ्यापासून हलक्या थंडीपर्यंत चालेल अशी. ६० ग्रॅम म्हणजे २४०, ती थंडीचीच. २० ग्रॅम असेल तर कापड इतकं विरळ की उजेडाकडे धरल्यावर बोटं दिसतील.

हातात आल्यावर तीन गोष्टी करा. दोन्ही हातांनी आडवी दीडपट ताणून अर्धा मिनिट धरा आणि सोडा. लगेच मूळ रुंदीवर आली तर ठीक. कडा लाटेसारखी झाली तर तुमच्या जुन्या नळीसारखंच होणार. मग ती ताणूनच उजेडाकडे धरा. आणि तोंडावर दुहेरी घडी धरून जोरात चार श्वास घ्या. गुदमरल्यासारखं वाटलं तर चढावर तोंडावर ठेवता येणार नाही.

कडेचा उल्लेख कुणी करत नाही म्हणून करते. पुष्कळ नळ्यांची कड नुसती कापलेली असते, दुमडून शिवलेली नसते. पाहून निकृष्ट वाटतं, पण या विणीचं कापड आडवं कापलं तरी सहसा उसवत नाही, किंचित वळतं इतकंच. जाड दुमडलेली कड उलट हेल्मेटखाली टोचते.

पाऊलवाट

धागेदोरे ताई, चारने गुणायचं हे फारच उपयोगी आहे. माझी जुनी नळी आत्ता स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली. १९ ग्रॅम! उजेडाकडे धरली तर खिडकीचे गज दिसले.

पण मग पॉलिएस्टर की सुती? सुती कापड अंगाला बरं असंच आजवर ऐकत आले आहे.

धागेदोरे

घरात बरं, चढावर नाही. सर्वसाधारण हवेत सुती धागा आपल्या वजनाच्या साधारण साडेआठ टक्के ओलावा धरतो, लोकर सोळाच्या आसपास आणि पॉलिएस्टर अर्ध्या टक्क्याहूनही कमी. पॉलिएस्टरच्या धाग्यात पाणी शिरतच नाही, ते धाग्यांमधल्या फटींतून पसरतं आणि उडून जातं. म्हणून ती नळी पिळून झटकली की वाऱ्यावर पटकन वाळते. सुती भिजली की भिजलीच. उन्हाळ्यात दुपारी ते सुखाचं वाटेल, पण वर पोचल्यावर वारा सुटला की तीच ओली गार पट्टी कपाळावर बसते.

पॉलिएस्टरचा दोष म्हणजे वास. अंगाचं तेल त्याला चिकटून राहतं. रोज धुता येत असेल तर प्रश्न नाही. सलग चार दिवस धुण्याची सोय नसेल तर मेरिनोचे जास्तीचे पैसे वसूल होतात. तीच काय ती जागा जिथे महाग नळीची बाजू मी घेईन.

बांबूबद्दल : त्या नावाने विकलं जाणारं बहुतेक कापड व्हिस्कोज असतं. बांबूच्या लगद्यावर रसायनांची प्रक्रिया करून काढलेला धागा. स्पर्शाला फार मऊ, पण भिजल्यावर जड आणि वाळायला सावकाश. बांबूतून आलेले म्हणून जे गुण छापलेले असतात, ते एवढ्या प्रक्रियेनंतर धाग्यात उरतात असं समजू नका.

सावलीशोध

ऊन हा माझा कळीचा मुद्दा, म्हणून इथे थोडा विरोध नोंदवतो.

नळीच्या पाकिटावर ‘यूपीएफ ५०+’ छापलेलं असतं आणि लोक टोपी घरी ठेवून निघतात. आकड्याचा अर्थ एवढाच की त्या कापडातून अतिनील किरणांचा पन्नासावा भाग, म्हणजे २ टक्के किंवा त्याहून कमी, आत येतो. जिथे कापड आहे तिथे. नाक, गाल, डोळ्यांभोवतीची कातडी यांवर सावली पाडणारं त्या नळीत काही नाही. सावली कडेची टोपीच देते, आणि तिची कड चहूबाजूंनी साडेसात सेंटिमीटर तरी हवी. समोरच छज्जा असलेली टोपी कान आणि मान उघडी टाकते. माझा कानाचा शेंडा एकदा इतका भाजला की आठवडाभर त्या कुशीवर झोपता आलं नाही.

शिवाय हा आकडा बहुतेक वेळा कोऱ्या, कोरड्या, न ताणलेल्या कापडावर मोजलेला असतो. आपण ती डोक्यावर ताणून घालतो, म्हणजे वीण उघडते. घामाने भिजते. वर्षभरात विटते. ताई, तुमचं यावर काय म्हणणं?

धागेदोरे

तुमचं बरोबर आहे. ताण ही सगळ्यांत मोठी गोष्ट. गळ्यात नळी सैल असते, मानेचा घेर चाळीसच्या आतबाहेर आणि नळीचा पन्नास, म्हणून तिथे छापलेल्या आकड्याच्या जवळपास संरक्षण मिळतं. डोक्यावर ताणली की कमी होतं. गडद रंग, घट्ट वीण आणि पॉलिएस्टर असेल तर आकडा नसतानाही बचाव चांगला होतो. तुलनेसाठी सांगते, साध्या पांढऱ्या सुती टी-शर्टचा यूपीएफ साताच्या आसपास धरतात आणि भिजल्यावर तो तीनपर्यंत उतरतो.

छापील नक्षीच्या नळीचं एक निरीक्षण सांगते. आतून पांढरी असेल तर रंग वरवर छापलेला आहे. ताणल्यावर नक्षीतून पांढऱ्या भेगा दिसतात. त्या जितक्या रुंद, तितकी वीण उघडी पडते आहे. दुकानात ताडून बघायला याहून सोपी खूण नाही.

जुना डोंगरी

सगळे नळीच्या मागे लागलात, म्हणून चौकोनी रुमालाची बाजू मांडतो. चाळीस वर्षं डोंगरात फिरतोय आणि खिशात सुती चौकोनी रुमाल नाही असा दिवस आठवत नाही. इंग्रजीतला बंडाना हा शब्दही आपल्याकडच्या ‘बांधणे’, ‘बांधणी’ या घराण्यातला आहे. गाठी बांधून रंगवलेल्या कापडावरून गेलेला.

नळी घालावी लागते, रुमाल बांधता येतो. हा फरक छोटा नाही. मुरगळलेल्या घोट्याभोवती आधार, खरचटलेल्या गुडघ्यावर घट्ट पट्टी, काठीला बांधून दूरवरून दिसणारी खूण, गढूळ पाण्यातला कचरा गाळायला फडकं. (गाळलं म्हणजे पाणी पिण्याजोगं झालं असं नाही, उकळावं किंवा शुद्ध करावं लागतंच.) हात गळ्यात अडकवायचा तर साधारण मीटरभर चौकोन तिरका कापून होतो तेवढा त्रिकोण लागतो, खिशातला छोटा रुमाल तिथे पुरत नाही. म्हणून मी मीटरभराचा पातळ सुती चौकोन ठेवतो. तो उन्हात डोक्यावरून मानेवर सैल सोडला की आत हवा खेळते. घट्ट नळीत ती खेळत नाही.

आणि कोरड्या उन्हाळ्यात ओला सुती रुमाल मानेवर टाकून बघा. धागेदोरे ताईंनी जो दोष सांगितला तोच तिथे गुण होतो.

चाकावर

काका, मीटरभराचा रुमाल सायकलवर नको. त्याचं टोक चाकात किंवा साखळीत गेलं तर काय होईल ते सांगायला नको. नळीला लोंबणारं टोक नसतं, म्हणूनच मी तिच्यावर आलो. बाकी चालताना तुमचं सगळं मान्य.

धागेदोरे

ओल्या रुमालाचं काकांचं बरोबर आहे, फक्त हवा कोरडी हवी. एक लिटर पाणी अंगावरून वाफ होऊन गेलं तर जवळपास ५८० किलोकॅलरी उष्णता सोबत नेतं. तेच पाणी थेंब होऊन खाली टपकलं तर काहीच नेत नाही. दमट हवेत ओला रुमाल नुसता चिकटतो आणि खालची कातडी उबते. तिथे पातळ पॉलिएस्टरची पट्टी, आणि डोकं शक्य तितकं मोकळं.

हिमवाट

थंडीबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून हा मोठा प्रतिसाद.

शरीराची जवळजवळ निम्मी उष्णता डोक्यातून जाते असं अजूनही सांगितलं जातं. २००८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये वैद्यकीय गैरसमजांवरच्या लेखात दोन अमेरिकन डॉक्टरांनी हे खोडून काढलं होतं. डोक्याचा पृष्ठभाग शरीराच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढा असतो आणि उष्णताही त्याच प्रमाणात जाते. बाकी अंग जाड कपड्यात आणि डोकं उघडं असेल तर अर्थातच जी जाते ती तिथूनच जाते. हे सांगायचं कारण असं की थंडीत सगळे पैसे डोक्याच्या कपड्यावर घालून हातमोजे स्वस्तातले घेणारे मी पाहिले आहेत.

पातळ नळी शून्याच्या वर पुरते. तिची कानटोपी करता येते : अर्धी नळी डोक्यावर घ्यायची, टाळूवर एक पीळ द्यायचा, उरलेली अर्धी त्याच्यावरून खाली ओढायची. दुहेरी टोपी तयार. पिळामुळे टाळूवर छोटी गाठ येते, ती हेल्मेटखाली खुपेल, नुसतं चालताना नाही.

शून्याच्या खाली खरी अडचण श्वासाची. तोंडावर नळी ओढली की वाफ कापडात साठते, गोठते आणि अर्ध्या तासात ओठांसमोर बर्फाची पाटी तयार होते. ती ओली-गोठलेली जागा गालाला चिकटून ठेवणं उघड्या गालापेक्षाही वाईट. नळी गोल असल्याचा इथे फायदा होतो : फिरवून कोरडा भाग पुढे आणायचा. चारही बाजू संपल्या की दुसरी नळी. म्हणून बर्फात मी दोन नेते, दुसरी जॅकेटच्या आत, अंगाच्या उबेत. महागडी एक नेण्यापेक्षा साध्या दोन नेणं इथे जास्त कामाचं.

मेरिनो मी वापरते. धागा साडेसतरा-अठरा मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असेल तर टोचत नाही. तिशीच्या पुढचे जाड धागे टोचतात. ओली झाली तरी ऊब पूर्ण जात नाही, आणि सहा दिवस वास येत नाही हे मी स्वतः अनुभवलं आहे. पण ती नाजूक असते. घरी आल्यावर नीट धुऊन, पूर्ण वाळवून, बंद पिशवीत ठेवा, नाहीतर कसर लागते. माझी पहिली मेरिनो नळी कपाटात ठेवल्या ठेवल्या चाळणी झाली, आणि त्याचं वाईट मला अजून वाटतं.

फ्लीस, म्हणजे लवदार उबदार कापड, जोडलेल्या नळ्या मिळतात, अर्धी पातळ आणि अर्धी जाड. गळ्याला छान. पण घडी घालून पट्टी करता येत नाही, हेल्मेटखाली जात नाही. म्हणजे बहुउपयोगीपणाच गेला.

पुन्हा वाटेवर

हा धागा रोज वाचते आहे, आज लिहायचं धाडस करते. माझे उपचार सुरू होते आणि त्यात केस गेले. आता डॉक्टरांनी चालायला परवानगी दिली आहे. सकाळी तासभर टेकडीवर जाते. केस नसलेल्या डोक्याला ऊनही लागतं, वाराही लागतो, आणि साध्या टोपीची आतली पट्टी घासून लाल चट्टे उठतात. तुम्ही सगळे शिवण, ताण, कड यांबद्दल लिहिताय, ते माझ्यासाठी जणू मुद्दाम लिहिल्यासारखं आहे. मला कोणती बरी पडेल?

धागेदोरे

ताई, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत.

तुमच्यासाठी माझं आधीचं सगळं उलटं करते. तासभर सकाळी चालताना पटकन वाळण्यापेक्षा मऊपणा महत्त्वाचा. तेव्हा अखंड विणलेली, व्हिस्कोज किंवा सुती, थोडा लायक्रा (रबरासारखा ताणणारा धागा) असलेली घ्या. रुंदी २५ च्या खाली नको, डोक्यावर जेमतेम धरून राहील एवढाच ताण हवा. केस असताना घट्ट बसणारी नळी केस गेल्यावर सैल होते आणि घसरते. तसं झालं तर घट्ट घेण्यापेक्षा वर सांगितलेला पीळ टाळूऐवजी मानेच्या मागे द्या. नवी नळी वापरण्याआधी दोनदा बिनवासाच्या साबणाने धुवा आणि लेबल धाग्याधाग्याने उसवून काढा, कात्रीने कापलं तर राहिलेलं टोक टोचतं. वरून रुंद कडेची सैल टोपी घाला. नळी असली की टोपीची पट्टी कातडीला लागत नाही.

हिमवाट

आणि सकाळी गार असेल तर दोन पातळ नळ्या एकावर एक. एक जाड नको. उकडलं की वरची काढून गळ्यात घालता येते. टेकडीवर भरपूर चाला ताई.

प्रश्नचिन्ह

धूळ आणि धूर यांसाठी ही नळी मास्कऐवजी चालेल का? पाकिटावर तसं लिहिलेलं असतं.

सावलीशोध

मातीची धूळ, किडे, परागकणांचा थोडाफार अडथळा, एवढ्यासाठी ठीक. धुरातले आणि प्रदूषणातले बारीक कण अशा विणीतून सहज जातात. एन-९५ मास्क ०.३ मायक्रॉनचे किमान ९५ टक्के कण अडवतो, कारण त्याचं माध्यमच वेगळं आहे आणि कडा चेहऱ्याला चिकटून बसतात. नळी नाकाजवळ आणि हनुवटीखाली मोकळीच असते.

२०२० साली ड्यूक विद्यापीठातल्या एका प्रयोगावरून ‘गळ्यातली नळी मास्क नसण्यापेक्षा वाईट’ अशी बातमी पसरली होती, तिचाही आधार घेऊ नका. त्या नळीची चाचणी एकाच माणसावर झाली होती आणि संशोधकांचा मूळ हेतू मोजण्याची स्वस्त पद्धत दाखवण्याचा होता. दोन्ही बाजूंनी ताणू नये. धूर असेल तर मास्क न्या, किंवा त्या दिवशी जाऊ नका.

दोर आणि गाठ

मी कड्यांवर दोराने चढाई शिकवतो. सुरक्षेच्या दोन गोष्टी, कृपया मनावर घ्या.

दोर सोडताना किंवा उतरताना गळ्यातली सैल नळी, लांब केस, लोंबणारी दोरी यांतलं काहीही उतरण्याच्या यंत्रात ओढलं जाऊ शकतं. नळी जॅकेटच्या आत खोचा किंवा कपाळावर घ्या. उतरणीच्या मध्यावर अडकलेलं कापड सोडवणं फार अवघड असतं, कारण सगळं वजन त्याच दोरावर असतं.

दुसरं, शेकोटी आणि स्टोव्ह. पॉलिएस्टर अडीचशे-दोनशे साठ अंशांच्या आसपास वितळतं आणि वितळलेलं कापड कातडीला चिकटतं. स्टोव्ह पेटवताना नळी तोंडावर किंवा गळ्यात पुढे सैल ठेवू नका. ठिणगीने भोक पडणं तर नेहमीचंच. लोकर वितळत नाही, सहज पेटही घेत नाही. शेकोटीजवळ बसायचं असेल तेव्हा मी लोकरीची घालतो.

लहान मुलांना झोपाळे, घसरगुंडी, चढायच्या जाळ्या अशा ठिकाणी गळ्यात नळी घालूच नये, कुठेही अडकू शकते. त्यांना डोक्यावरच द्या, आणि मुलांच्या मापाची. मोठ्यांची त्यांच्या डोळ्यांवर उतरते.

सुईदोरा

स्वस्तातलीच हवी असेल तर घरी करून बघा. ताणणाऱ्या जुन्या व्यायामाच्या विजारीचा मांडीचा भाग कापला की नळी तयार. घेर मोजून घ्या, ४८ च्या आसपास हवा. एक उभी शिवण राहते, ती मागे ठेवायची. जुन्या टी-शर्टची बाही बहुतेकांना अपुरी पडते.

नवं कापड शिवणार असाल तर मशीनला गोल टोकाची सुई लावा, साधी सुई विणीचे धागे तोडते. टाका झिगझॅग, नाहीतर पहिल्यांदा डोक्यावर चढवतानाच टाके तुटतात. ताणण्याची दिशा आडवी ठेवा. मी पहिली नळी उभी कापली आणि ती डोक्यावरून खालीच उतरेना!

हेल्मेटवाल्यांना ही चालणार नाही हे वर आलंच आहे. पण अशी नळी हरवली तर जीव हळहळत नाही, आणि नळ्या हरवतात.

प्रश्नचिन्ह

धुण्याबद्दल कुणी सांगाल? माझी पूर्वी घाम टिपायची, आता पाणी वरून ओघळतं.

धागेदोरे

कपडे मऊ करणारं द्रावण वापरता का? त्याचा थर धाग्यांवर बसतो आणि फटींतून पाणी पसरणं थांबतं. ते बंद करा. दोन-तीन वेळा नुसत्या साबणाने कोमट पाण्यात धुवा, बहुतेकदा सुधारते. इस्त्री करू नका, आणि कडक गरम पाण्यात भिजवू नका, लायक्रा असेल तर ताण जातो. चालून आल्यावर निदान साध्या पाण्यात खळबळून पसरवा. घामाचं मीठ वाळून बसलं की कापड खरखरीत होतं.

पाऊलवाट

तीन आठवड्यांनी परत आले. उशीर झाला, पण वापरल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

बिननावाच्या तीन नळ्यांचा संच घेतला. विक्रेत्याला आधी वजन विचारलं. त्याने प्रत्येकी ३६ ग्रॅम सांगितलं आणि घरच्या काट्यावर ३४, ३६, ३५ भरलं. रुंदी २४.५, लांबी ४९. बोट फिरवून पाहिलं, शिवण नाही. ताणून पाहिल्यावर दोन लगेच जागेवर आल्या. तिसरी, नक्षीची, थोडी लाटेसारखी राहिली आणि ताणल्यावर पांढऱ्या भेगाही दिसल्या. ती बूट पुसायला आणि भांडं धरायला ठेवली आहे. (स्टोव्ह विझवल्यावरच, दोरवाले दादा!)

गेल्या रविवारी मोठा चढ होता. गडद निळी कपाळावर, दुसरी पाठपिशवीच्या पट्ट्याला बांधून वाळत, वर रुंद कडेची टोपी. अर्ध्या वाटेवर पहिली चिंब झाली, ती पिळून अदलाबदल केली. वरच्या पठारावर पोचेपर्यंत बांधलेली वाळली होती. तिथे वारा जोरात होता, टोपी उडायला लागली, तेव्हा नळी टोपीवरूनच हनुवटीखाली घेतली आणि कडा खाली दाबल्या गेल्या. कान झाकले, टोपी जागेवर राहिली. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून इथे नोंदवते.

मेरिनो अजून घेतलेली नाही. माझे मुक्काम एका रात्रीचेच असतात. जुन्या डोंगरी काकांचा मीटरभराचा सुती चौकोन मात्र पिशवीत गेला आहे.

पुन्हा वाटेवर

माझीही आली. व्हिस्कोजची, २५.५ रुंद. सुईने लेबल उसवायला अर्धा तास लागला, पण टोक राहिलं नाही. पीळ मानेच्या मागे दिला, घसरत नाही. आज टेकडीच्या वरच्या बाकापर्यंत गेले आणि डोक्यावर एकही चट्टा नाही.

जुना डोंगरी

त्या बाकापासून पुढे वाट कुठे जाते ताई? पुढच्या वेळी बघून सांगा.